एक्सॉर्सिझम मागण्यापूर्वी

आपल्या पत्रातील मजकूर थोडक्यात असा आहे. आपली १९ वर्षांची भाची काही महिन्यांपासून रात्री किंचाळून उठते, अंग ताठ करते, घोगऱ्या आवाजात स्वतःचा उल्लेख 'ती' असा करते आणि मिस्सेला (चर्चमधील उपासनेला) नेले की मध्येच उठून बाहेर जाते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत. परंतु घरी प्रार्थनेसाठी येणाऱ्या एका गटाने हे 'बाहेरचे' आहे असे ठामपणे सांगितल्यापासून घरात दोन तट पडले आहेत. चर्चमध्ये एक्सॉर्सिझम, म्हणजे सैतान घालवण्याचा विधी, करून मिळतो का, तो कोणाकडे मागायचा आणि तोवर गोळ्या थांबवायच्या का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत. त्यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. गोळ्या थांबवू नका. त्या फिटवरच्या असतील तर एकाएकी बंद केल्याने झटके वाढून जिवावर बेतू शकते. हे सांगणे जितके डॉक्टरांचे काम आहे तितकेच धर्मगुरूचेही आहे, आणि औषधाचे काम वैद्यांवर सोपवावे हे चर्चने चारशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे.

मी धर्मगुरू आहे. चर्चचा कायदा हा माझ्या अभ्यासाचा विषय असून, बिशपांकडे येणाऱ्या अशा विनंत्यांची प्राथमिक चौकशी करण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते. मी स्वतः एक्सॉर्सिस्ट, म्हणजे हा विधी करणारा धर्मगुरू, नव्हतो. कोणाला एक्सॉर्सिस्टकडे पाठवायचे आणि कोणाला नाही हे ठरण्यापूर्वी जे लोक त्या घरी जातात, घरच्यांचे ऐकून घेतात आणि डॉक्टरांचे कागद वाचतात, त्यांच्यातला मी एक. सैतानाच्या अस्तित्वावर माझा विश्वास आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढचे वाचताना मी हे सगळे मनाचे खेळ समजतो असे वाटण्याचा संभव आहे. तसे मी समजत नाही. मात्र तो प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर बसलेला असतो, असेही चर्च समजत नाही.

आपली पहिली अडचण शब्दाची आहे. मराठी बायबलमध्ये येशू 'भुते काढतो', आणि 'भूत' म्हटले की आपल्याकडे मेलेल्या माणसाचा अतृप्त आत्मा डोळ्यांपुढे येतो. मुंजा, हडळ, खवीस ही सगळी मंडळी मुळात माणसेच होती. कॅथॉलिक शिकवणूक याहून अगदी वेगळी आहे. मृत्यूनंतर प्रत्येक आत्म्याचा न्याय होतो. तो वडाच्या झाडावर थांबत नाही आणि कोणाच्या भाचीच्या अंगातही शिरत नाही. एक्सॉर्सिझम ज्याच्याविरुद्ध असतो तो सैतान आणि त्याचे दूत, म्हणजे देवाविरुद्ध बंड करून पतन पावलेले आत्मे. ते कधीही माणूस नव्हते. गोव्यात या शब्दांची गुंतागुंत आणखी मजेशीर झाली आहे. तेथील गावकऱ्यांचा 'देवचार' हा गावाची राखण करणारा, तर ख्रिस्ती कोंकणीत देवचार म्हणजे साक्षात सैतान. त्यामुळे एखादे कुटुंब मला सांगते की, विहिरीत जीव दिलेली शेजारीण मुलीच्या तोंडून बोलते, तेव्हा ते कुटुंब नकळत भगताच्या भाषेत बोलत असते, चर्चच्या नव्हे. आपल्या पत्रात 'तिची वारलेली आत्या आली आहे' असे त्या गटाने सांगितल्याचे आपण लिहिले आहे. तो गट गळ्यात क्रूस घालून आला असला, तरी हे निदान कॅथॉलिक नाही.

आता नियमाकडे वळतो. १९८३ च्या चर्च कायदासंहितेतील ११७२ वे कलम अवघ्या दोन वाक्यांचे आहे. बाधा झालेल्या व्यक्तीवर एक्सॉर्सिझम करण्याचा अधिकार स्थानिक धर्माधिकाऱ्याच्या, म्हणजे व्यवहारात बिशपांच्या, खास आणि स्पष्ट परवानगीशिवाय कोणालाही नाही. आणि ही परवानगी भक्ती, ज्ञान, विवेक आणि निष्कलंक आचरण असलेल्या धर्मगुरूलाच द्यावयाची आहे. म्हणजे आपल्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू कितीही सत्पुरुष असले तरी आपण होऊन हा विधी करू शकत नाहीत. मग प्रापंचिकांचा, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य भाविकांचा, तर प्रश्नच उद्भवत नाही. आरंभीच्या शतकांत एक्सॉर्सिस्ट हा धर्मसेवकांचा एक वर्गच होता. २५१ च्या सुमारास पोप कॉर्नेलियस यांनी रोममधील सेवकांची जी मोजदाद एका पत्रात दिली, तीत वाचक आणि द्वारपाल यांच्या बरोबरीने त्यांचाही उल्लेख येतो. पुढे ही धर्मगुरूपदाकडे जाताना चढायची नुसती एक पायरी उरली, आणि १९७२ मध्ये पोप पॉल सहावे यांनी ती काढून टाकली. आज एक्सॉर्सिस्ट ही पदवी नाही. ती बिशपांनी केलेली नेमणूक आहे, आणि बिशप ती काढूनही घेऊ शकतात.

एक्सॉर्सिझम हा सात संस्कारांपैकी नाही, हेही लक्षात घ्यावे. पवित्र पाणी, घराचा आशीर्वाद, राखेच्या बुधवारची राख ज्या वर्गात येतात, त्याच वर्गात तो येतो. बाप्तिस्म्यासारखा संस्कार मिळाला की मिळालाच. एक्सॉर्सिझम मात्र चर्चची विनवणी आहे, आणि तिला यश केव्हा द्यायचे हे देवाच्या हाती असते. 'तीन बैठकांत गॅरंटी' असे कोणी सांगत असेल, तर त्याला हा भेद ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून तो लपवत आहे.

चारशे वर्षांपूर्वीचे जे लिखाण मी वर म्हटले, ते १६१४ साली पोप पॉल पाचवे यांच्या काळात निघालेल्या रोमन विधिग्रंथात आहे. या विधीच्या आरंभी धर्मगुरूसाठी सूचना दिल्या आहेत, आणि चौकशीला जाण्यापूर्वी त्या पुन्हा वाचण्याची मला सवय होती. पिशाच्च कसे घालवावे हे सांगण्यापूर्वी ग्रंथ पहिल्याच झटक्यात म्हणतो की, एखाद्याला बाधा झाली आहे असे सहजासहजी मानू नये, आणि काळ्या पित्ताने किंवा दुसऱ्या आजाराने पीडित असलेल्यांपासून बाधिताला वेगळे ओळखण्याच्या खुणा माहीत असाव्यात. काळे पित्त हा त्या काळच्या वैद्यकातील विषण्णतेचा शब्द. पुढे आणखी एक सूचना आहे: एक्सॉर्सिस्टने रुग्णाला कोणतेही औषध देऊ नये, सुचवूही नये, ते काम वैद्यांवर सोपवावे. ज्या काळात वैद्य जळवा लावत होते त्या काळातही चर्चने धर्मगुरूला औषधाच्या वाटेला जाऊ दिले नाही. मग आज एखादा प्रार्थनागट गोळ्या कचऱ्यात टाकायला सांगतो, तेव्हा तो कोणाच्या अधिकाराने सांगतो?

ही सावधगिरी आकाशातून पडलेली नव्हती. विधिग्रंथ निघण्यापूर्वी थोडीच वर्षे, १५९८-९९ मध्ये, फ्रान्समध्ये मार्त ब्रोसिए नावाच्या तरुणीचे प्रकरण गाजले होते. तिच्यात सैतान आहे असे म्हणत तिला गावोगाव फिरवले जात होते आणि लोकांची झुंबड उडत होती. आंजे येथील बिशपांनी तिला साधे पाणी पवित्र पाणी म्हणून दिले, तेव्हा ती तडफडू लागली. खरे पवित्र पाणी काही न सांगता दिले, तेव्हा ती शांत राहिली. मग त्यांनी एक्सॉर्सिझमची प्रार्थना म्हणून व्हर्जिल या रोमन कवीच्या महाकाव्यातील लॅटिन ओळी वाचल्या, आणि ती जमिनीवर लोळू लागली. नंतर पॅरिसमध्ये तिला तपासणाऱ्या मारेस्को या वैद्याचा निष्कर्ष असा: सैतानाचे काही नाही, ढोंग बरेच, आजार थोडासा. मला स्वतःला 'ढोंग' हा शब्द कठोर वाटतो. मी पाहिलेल्या मुलींपैकी जाणूनबुजून सोंग आणणारी क्वचितच होती; बहुतेकींना त्या अवस्थेत काय घडले ते नंतर आठवतही नसे.

विधिग्रंथ ज्या खुणा सांगतो त्या अशा: न शिकलेल्या भाषेत दीर्घ बोलणे किंवा ती समजणे, दूरच्या आणि गुप्त गोष्टी उघड करणे, वयाला व प्रकृतीला न शोभणारी ताकद दाखवणे. १९९८ च्या नव्या विधीने यात देव, येशूचे नाव, मरियामाता, संत आणि पवित्र वस्तू यांच्याविषयीच्या तीव्र तिटकाऱ्याची भर घातली, परंतु या खुणा म्हणजे पुरावा नव्हे, हेही बजावले. व्यवहारात या खुणा फार निसरड्या आहेत. आमच्या वसईच्या पट्ट्यात मूल घरी बोली, शाळेत मराठी किंवा इंग्रजी आणि टीव्हीवर हिंदी ऐकत मोठे होते, आणि आराधनेच्या वेळी 'तांतुम एर्गो' हे लॅटिन गीत ऐकलेली आजी झोपेत लॅटिन पुटपुटली तर त्यात चमत्कार कसला? ताकदीचे म्हणाल, तर फिटमधल्या किशोरवयीन मुलीला चार पुरुषांना आवरता येत नाही, हे कोणतीही परिचारिका सांगेल. गुप्त गोष्टींचे तर विचारूच नये. एका खोलीत झोपणाऱ्या कुटुंबात गुप्त असे किती उरते? आणि मिस्सेतून उठून जाण्याचे कारण गर्दीत जीव घुसमटणे असू शकते, धुपाचा वास असू शकतो, किंवा तेथे बसलेल्या एखाद्या माणसाची भीतीही असू शकते. हा शेवटचा प्रश्न मी प्रत्येक घरी, मुलीला एकटीला, एका बाईमाणसाच्या उपस्थितीत विचारण्याची व्यवस्था करत असे. तो न विचारता केलेली चौकशी अपुरी होय.

वैद्यकाच्या बाजूने तीन गोष्टी तपासून घ्याव्यात असे मी सुचवेन. ठरवायचे अर्थातच डॉक्टरांनी. एक, मेंदूच्या कानशिलाकडील भागातून उठणारी फिट, जिच्यात हातपाय झटकण्याऐवजी विचित्र भास, भीती आणि बडबड होते. दुसरी, मेंदूला सूज आणणारा एक स्वप्रतिकार विकार, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असा. २००७ मध्ये तो नीट ओळखला गेला, तरुण मुलींत तो अधिक दिसतो, त्याची सुरुवात वेडाच्या झटक्यासारखी वाटते आणि वेळीच उपचार झाल्यास रुग्ण बहुधा सुधारतो. तिसरी, मनाचे विलगीकरण, ज्यात माणसाची ओळख बाजूला सरून 'दुसरे कोणी' बोलू लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या अवस्थेला स्वतंत्र स्थान आहे. भाचीला अजून मेंदूविकारतज्ज्ञांनी पाहिले नसेल, तर बिशपांकडे अर्ज करण्यापूर्वी ती भेट घ्या. तशी भेट झाल्याचे कागद नसतील, तर चौकशी करणारा धर्मगुरू आपल्याला परतच पाठवील, आणि त्याने तसेच करावे.

हे सगळे का, याचे उत्तर मला एका नावात देता येते: आनेलीज मिशेल. जर्मनीतील क्लिंगेनबेर्ग गावची ही कॅथॉलिक मुलगी १९५२ साली जन्मली. किशोरवयात तिला झटके येऊ लागले, फिटचे निदान झाले, औषधे सुरू झाली. पुढे तिला भेसूर चेहरे दिसू लागले, आवाज ऐकू येऊ लागले आणि क्रूसाचा तिटकारा वाटू लागला. सप्टेंबर १९७५ मध्ये व्युर्त्सबुर्गचे बिशप योझेफ श्टांगल यांनी १६१४ च्या विधीनुसार एक्सॉर्सिझम करण्याची लेखी परवानगी दिली आणि संपूर्ण गुप्तता पाळण्यास सांगितले. त्यानंतर सुमारे दहा महिन्यांत दोन धर्मगुरूंच्या सहभागाने ६७ बैठका झाल्या. ती गुडघे टेकून शेकडो वेळा ऊठबस करी, खाणे तिने जवळजवळ सोडले होते, आणि शेवटच्या महिन्यांत तिच्याजवळ डॉक्टर नव्हता. १ जुलै १९७६ रोजी ती वारली तेव्हा तिचे वय २३ होते आणि वजन सुमारे ३१ किलो. शवविच्छेदनात उपासमार आणि शरीरातील पाणी कमी होणे हे कारण निघाले. १९७८ मध्ये आशाफेनबुर्गच्या न्यायालयाने आईवडील आणि दोन्ही धर्मगुरू यांना निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी ठरवले. सहा महिन्यांची शिक्षा स्थगित ठेवण्यात आली.

या प्रकरणात कायद्याचा शब्द पाळला गेला होता, हे मला सर्वांत अस्वस्थ करते. बिशपांची परवानगी होती, धर्मगुरू नेमलेले होते, विधी ग्रंथाबरहुकूम होता, गाजावाजा नव्हता. आमच्यातले काही जण म्हणतात की त्या धर्मगुरूंनी औषधाविषयीची सूचना विसरल्यामुळे हे घडले. मला ते अर्धेच पटते. त्या सूचनेत वैद्याच्या कामात पडू नका एवढेच होते. वैद्य बोलवा, आणि तो नसेल तर विधी थांबवा, असे त्यात नव्हते. शिवाय परवानगीचे पत्र हाती आले की घरच्यांना वाटते, आता निदान झाले. चर्चच्या शिक्क्याने औषधाची वाट बंद होते, मग तसे कोणी तोंडाने सांगो वा न सांगो. आणि गुप्ततेमुळे बाहेरच्या माणसाला हाक मारण्याची वाटही बंद झाली.

सध्याचा विधी २२ नोव्हेंबर १९९८ च्या आदेशाने आला आणि जानेवारी १९९९ मध्ये रोममध्ये जाहीर झाला. त्यात एक्सॉर्सिस्टने वैद्यक आणि मानसोपचार जाणणाऱ्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा असे सांगितले आहे, आणि शक्य असेल तर त्या व्यक्तीची स्वतःची संमती घ्यावी असेही. विधीचा क्रम सिनेमात पाहिलेल्यांची निराशा करणारा आहे. पवित्र पाण्याचे सिंचन, संतांची लितानी (संतांची नावे घेत केलेली विनवणी), स्तोत्रे, शुभवर्तमानाचे वाचन, डोक्यावर हात ठेवणे, श्रद्धेची कबुली किंवा बाप्तिस्म्याच्या वचनांचे स्मरण, 'हे आमच्या बापा', क्रूस दाखवणे, आणि मग मुख्य प्रार्थना. ही प्रार्थना दोन प्रकारची असते: एकीत देवाला विनवतात, दुसरीत सैतानाला निघून जाण्याची आज्ञा देतात. विनवणी सक्तीची आहे. आज्ञा ऐच्छिक आहे आणि विनवणीशिवाय ती कधीच वापरायची नाही. रोमचे प्रसिद्ध एक्सॉर्सिस्ट गाब्रिएले आमोर्थ यांना हा नवा विधी पचला नाही. तो फार मिळमिळीत आहे असे त्यांचे मत होते आणि त्यांनी ते लपवले नाही. त्यांच्या अनुभवाचा मान राखूनही मी त्यांच्याशी सहमत नाही, कारण आज्ञेचा कैफ लवकर चढतो. या विधीला प्रेक्षक नसतात, चित्रीकरण नसते, आणि त्याची वाच्यता आधी वा नंतर करावयाची नसते. आपल्याला कोणी मोबाईलवर एक्सॉर्सिझमचा व्हिडिओ पाठवला असेल, तर तो ज्याने काढला त्याने नियम मोडला आहे, एवढे निश्चित समजा.

प्रार्थनागटांविषयी दोन कागद महत्त्वाचे आहेत. २९ सप्टेंबर १९८५ च्या पत्रात, ज्यावर पुढे पोप झालेले कार्डिनल रात्सिंगर यांची सही आहे, रोमने बिशपांना कळवले की, पोप लिओ तेरावे यांच्या नावाने ओळखले जाणारे एक्सॉर्सिझमचे शब्द प्रापंचिकांनी वापरू नयेत, आणि परवानगी नसलेल्यांनी सैतानाला उद्देशून प्रश्न विचारण्याच्या आणि त्याचे नाव जाणून घेण्याच्या सभा चालवू नयेत. १४ सप्टेंबर २००० च्या सूचनेने आरोग्यासाठीच्या प्रार्थनासभा आणि एक्सॉर्सिझम यांची सरमिसळ मनाई केली. आपल्या घरी आलेल्या गटाने भाचीला 'तू कोण आहेस, कुठून आलीस' असे तासभर विचारले, हे आपणच लिहिले आहे. ते चर्चला मंजूर नाही. शिवाय विलगीकरण झालेल्या मनाला असे वारंवार विचारले की ते उत्तरे रचू लागते, आणि दर आठवड्याला नवे नाव निघते. हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

आणि महाराष्ट्रात राहणाऱ्याला देशाचा कायदाही लागू आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर ऑगस्ट २०१३ मध्ये निघालेल्या जादूटोणाविरोधी वटहुकुमाचे त्याच वर्षी कायद्यात रूपांतर झाले. भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधून ठेवणे, मारहाण करणे, चटके देणे, मिरचीची धुरी देणे हे त्यानुसार गुन्हे असून, सहा महिने ते सात वर्षे कैद होऊ शकते. करणारा भगत आहे की क्रूसधारी, याने फरक पडत नाही. प्रार्थनेला या कायद्याने हात लावलेला नाही, त्यामुळे तो ख्रिस्ती श्रद्धेविरुद्ध आहे ही ओरड मला निराधार वाटते.

मग चर्च आपल्यासाठी आज काय करू शकते? पुष्कळ, आणि त्यासाठी बिशपांच्या परवानगीची गरज नाही. आपल्या धर्मगुरूंना घरी बोलवा, घराला व भाचीला आशीर्वाद द्यायला सांगा. तिची इच्छा असेल तर पापनिवेदन व प्रभूभोजन चालू ठेवा. आजार गंभीर असेल तर रुग्णाभ्यंग संस्कार (आजाऱ्याला पवित्र तेल लावून करायचा विधी) मागा. तिच्या बाप्तिस्म्याच्या वेळीही सैतानाच्या प्रभावापासून मुक्तीची एक लहान प्रार्थना तिच्यासाठी झालीच होती. तोही एक्सॉर्सिझमच, फक्त लहान. संरक्षणाची प्रार्थना मागणे म्हणजे बाधा मान्य करणे नव्हे. मदर तेरेसा अखेरच्या काळात रुग्णालयात असताना रात्री फार अस्वस्थ होत, म्हणून एका धर्मगुरूला त्यांच्यासाठी अशी प्रार्थना करायला सांगितल्याचे कोलकात्याचे आर्चबिशप हेन्री डिसूझा यांनी २००१ मध्ये सांगितले, तेव्हा जगभर 'मदर तेरेसांवर एक्सॉर्सिझम' असे मथळे झळकले. त्यांना बाधा झाली होती असे स्वतः आर्चबिशपांचेही म्हणणे नव्हते.

एवढे करूनही, आणि डॉक्टरांनी शर्थ करूनही, ज्याचा उलगडा होत नाही असे काही उरलेच, तर धर्मगुरूंमार्फत बिशपांच्या कार्यालयाला लिहा. तेथे कोणी पैसे मागणार नाही. मागितले, तर उठून यावे. जाताना डॉक्टरांची संपूर्ण फाईल, चालू गोळ्यांची यादी आणि झटक्यांच्या तारखा लिहिलेली वही बरोबर न्यावी. आपल्या पत्रात आपले, आपल्या बहिणीचे, शेजाऱ्यांचे आणि त्या गटाचे मत आले आहे. भाचीला स्वतःला काय वाटते हे त्यात कुठेही नाही. ती शांत असेल अशा एखाद्या दुपारी तिला ते विचारावे, आणि तिचे उत्तर तिच्याच शब्दांत त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.